लिलावाआधीचे महिने

प्रो कबड्डीचा हंगाम संपला की राहात्यात खऱ्या चर्चेला तोंड फुटतं. सामने चालू असतात तेव्हा बोलायला सवड नसते. रात्री सामना बघायचा, निकालावर हळहळायचं नाही तर खूश व्हायचं, आणि सकाळी कामाला लागायचं. पण एकदा करंडक कुणीतरी उचलून नेला की पुढच्या लिलावापर्यंतचे महिने मोकळे पडतात. मग नगर-मनमाड रस्त्याकडेच्या चहाच्या टपऱ्यांवर कुणाला राखायचं, कुणाला सोडायचं, कोणावर पैसे लावायचे याचा खल सुरू होतो. यंदा हे महिने जास्तच जड जाताहेत. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये पुणेरी पलटण अंतिम सामना दबंग दिल्लीकडून ३१-२८ असा हरली. एका सुपर रेडएवढं अंतर. साखळीत अठरापैकी तेरा सामने जिंकून पलटण गुणतक्त्यात पहिली होती, त्यामुळे हे तीन गुण अजून बोचतात.

पलटण आमची कशी, असं यू मुम्बावाले विचारतात. राहाता पुण्याच्या जिल्ह्यात नाही हे खरं. पण आमची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली, आमची पोरं शिकायला आणि नोकरीला पुण्याला जातात, आणि खेळात नाव काढायचं ठरवलं की त्याच वाटेने निघतात. आमच्या नगर जिल्ह्याने क्रिकेटला मोठी माणसं दिली. शेजारच्या श्रीरामपूरचा झहीर खान बडोद्याकडून आणि पुढे मुंबईकडून खेळला. संगमनेर तालुक्यात मूळ असलेला अजिंक्य रहाणे मुंबईचाच झाला. आम्ही त्यांच्यावर जीव लावला, पण तो दुरून. कबड्डीत तसं झालं नाही. आमचा पोरगा आमच्या सगळ्यात जवळच्या संघाचा कर्णधार आहे.

अस्लम इनामदार टाकळीभानचा. राहात्याहून चितळीमार्गे श्रीरामपूर गाठायचं आणि नेवाशाच्या रस्त्याला लागायचं, की टाकळीभान येतं. वडील लवकर गेले, आईने कष्टाने घर सांभाळलं, आणि पोरगं यात्रेतल्या सामन्यांच्या मैदानांवरून वर आलं. आमच्या भागात कबड्डी अशीच वाढते. वीरभद्र महाराजांच्या यात्रेला गर्दी करणारी माणसं हीच, आणि कुठल्याही गावच्या मैदानाभोवती रात्री उशिरापर्यंत दाटीवाटीने उभी राहणारीही हीच. घोटा पकड कशी टाकायची आणि तिसऱ्या चढाईला बचाव कुठे उभा करायचा हे या लोकांना शिकवावं लागत नाही. त्यांना चढाईपटूच्या पहिल्या दोन पावलांतच कळतं, हा गुण आणणार की बसणार.

पलटणच्या खरेदी-विक्रीबद्दल आजवरचा हिशेब मांडला तर मला एकच गोष्ट दिसते. या संघाला मोठं केलं ते लिलावाच्या बाहेरून आलेल्या पोरांनी. २०१४ ला लीग सुरू झाली तेव्हा पहिल्या दोन्ही हंगामांत पलटण तळाला होती. पुढे मनजीत छिल्लर आला, दीपक हुडा आला, संघ वर सरकला, पण करंडक काही मिळाला नाही. आठव्या हंगामात संघात राहुल चौधरी आणि नितीन तोमर अशी दोन वजनदार नावं होती, प्रशिक्षक अनुप कुमार होता. करोनामुळे सगळे सामने बंगळूरला, प्रेक्षकांविना झाले. त्या रिकाम्या सभागृहात चढाईचा भार कोणी उचलला? अस्लम आणि मोहित गोयत या दोन नवख्या पोरांनी. न्यू यंग प्लेअर नावाच्या योजनेत संघ अशी पोरं थेट करारावर घेतात. त्यांच्यावर बोली लागत नाही, टीव्हीवर हातोडा पडत नाही, दुसऱ्या दिवशी मथळा होत नाही. पण पलटणचा पुढचा सगळा डोलारा त्याच करारांवर उभा राहिला.

नवव्या हंगामात इराणच्या फझल अत्राचलीला १ कोटी ३८ लाखांना घेतलं आणि कर्णधार केलं. पलटण पहिल्यांदा अंतिम फेरीत गेली. १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत जयपूर पिंक पँथर्सकडून ३३-२९ असा पराभव झाला, आणि त्या सामन्यात अस्लम आणि मोहित दोघेही दुखापतीने बाहेर होते. मैदानात तेव्हा संघातला सगळ्यात महागडा माणूस होता, आणि तरी नवखी पोरं नसल्याने संघ अपुरा पडला. ही गोष्ट व्यवस्थापनाने ओळखली, याबद्दल मी त्यांचं मनापासून कौतुक करतो. पुढच्या हंगामाआधी त्यांनी फझलला सोडलं, अस्लमला कर्णधार केलं, आणि ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात मोहम्मदरेझा शादलुईवर २ कोटी ३५ लाख लावले.

त्याच महिन्यात हांगचौला आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला ३३-२९ ने हरवलं. लॉबीच्या नियमावरून सामना बराच वेळ थांबला होता. त्या सुवर्णपदक विजेत्या संघात अस्लम होता, नाशिकचा आकाश शिंदे होता. समोरच्या संघात शादलुई होता. काही दिवसांत तो आणि अस्लम एकाच जर्सीत आले.

आणि काय हंगाम झाला तो! २२ सामने, १७ विजय, ३ बरोबरी, फक्त २ पराभव. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सशी अंतिम सामना झाला. पूर्वार्ध अडखळत चालला होता, तेवढ्यात पंकज मोहितेने एका चढाईत चार गडी टिपले आणि सामना फिरला. २८-२५. अस्लम हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, शादलुई सर्वोत्तम बचावपटू. दहा वर्षांनी करंडक पलटणकडे आला, आणि तो उचलणारे हात टाकळीभानचे होते. त्या रात्री आमच्याकडे फटाके वाजले ते कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

नंतर जे घडलं त्यावर राहात्यात आजही एकमत नाही. ऑगस्ट २०२४ च्या लिलावाआधी पलटणने शादलुईला मोकळं केलं. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना नेलं. गतविजेती पलटण अकराव्या हंगामात आठवी आली. अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने अर्ध्यात बाहेर पडला आणि आकाश शिंदेला कर्णधारपद सांभाळावं लागलं. २९ डिसेंबर २०२४ ला हरियाणाने पाटणा पायरेट्सला ३२-२३ ने हरवून करंडक जिंकला, आणि तोही बालेवाडीत, आपल्या घरच्या मैदानावर. त्या सामन्यात हरियाणासाठी चढायांत चमकला तो महाराष्ट्राचाच शिवम पठारे. माझा पुतण्या गावच्या संघातून खेळतो. तो त्या रात्री म्हणाला, "काका, आपल्याच हाताने दिला की हो त्यांना." त्याचा रोख शादलुईवर होता. मला मात्र पठारेचं जास्त लागलं.

शादलुईला सोडणं चूक नव्हती असं मी आजही म्हणतो, आणि त्यावर भांडायलाही तयार आहे. संघाला लिलावासाठी पाच कोटी मिळतात आणि त्यात किमान अठरा जणांचा संघ बांधायचा असतो. सरासरी धरली तर माणशी अठ्ठावीस लाखांच्या आत. त्यातले दोन-सव्वादोन कोटी एकावर घातले की उरलेल्यांसाठी हात आखडावा लागतो, आणि त्याची झळ लागते ती नेमकी राखायच्या पोरांना. एखाद्या वर्षी ते परवडतं, कारण बाकीची पोरं अजून स्वस्त असतात. पण आशियाई सुवर्णपदक गळ्यात पडल्यावर, करंडक जिंकल्यावर ती स्वस्त राहत नाहीत, आणि राहूही नयेत. त्यांचा घाम त्यांच्या कामी यायलाच हवा. शादलुई महान बचावपटू आहे, त्याबद्दल दुमत नाही. २०२५ च्या लिलावात तोच सगळ्यात महाग ठरला, गुजरातने २ कोटी २३ लाख मोजले. गुजरात त्या हंगामात पहिल्या आठांतही आला नाही. पुण्यात आणि हरियाणात तो जिंकला कारण दोन्हीकडे त्याच्या भोवती बांधलेला संघ होता.

माझी तक्रार आहे ती आकाश शिंदेबद्दल. कर्णधार जायबंदी झाला तेव्हा ज्याने संघ अंगावर घेतला, तो पुढच्याच लिलावात बंगळूर बुल्सकडे गेला. जुन्या संघाला शेवटच्या बोलीइतकी रक्कम देऊन खेळाडू परत घेता येतो, त्यासाठीचं एफबीएम कार्ड असतं. हे कार्ड हातात किती उरलं होतं, पैशांचा मेळ कसा बसत होता, याचा विचार केलाच असेल त्यांनी. पण नाशिक-नगरच्या प्रेक्षकाला एक खेळाडू गेला एवढंच दिसत नाही. टाकळीभानचा एक आणि नाशिकचा एक अशी जोडी चढाईला येताना बघायची सवय झालेली होती. ती मोडली.

बाकी २०२५ ची तयारी मला पटली. मोठ्या बोलीत त्यांनी एकच हात घातला. सचिन तंवर, १ कोटी ५ लाख ८० हजार. हाच सचिन आदल्या वर्षी २ कोटी १५ लाखांना तमिळ थलायवाजकडे गेला होता, म्हणजे निम्म्याहून कमी भावात अनुभवी चढाईपटू मिळाला. विशाल भारद्वाज आणि गुरदीप बचावाला आले. अस्लम, पंकज, गौरव खत्री, अबिनेश नादराजन हे जागचे हलले नाहीत. प्रशिक्षक म्हणून बी. सी. रमेश यांच्या जागी अजय ठाकूर आला, ज्याने भारताचं कर्णधारपद भूषवलंय. आणि मग हंगाम सुरू झाल्यावर सगळ्यांच्या पुढे कोण गेला? आदित्य शिंदे. कोटीच्या यादीत ज्याचं नाव नव्हतं तो. दुसऱ्या क्वालिफायरमध्ये तेलुगू टायटन्सविरुद्ध ५०-४५ असा सामना काढून दिला तो त्याच्या चढायांनी, आणि अंतिम सामन्यातही दिल्लीच्या बचावाला, ज्यात आपलाच जुना फझल उभा होता, तो शेवटपर्यंत भिडत राहिला.

राहात्यात पेरूच्या बागा आहेत. बहार धरायचा तर आधी पाणी तोडून बागेला ताण द्यावा लागतो. त्या दिवसांत पानं गळतात, बाग उजाड दिसते, येणारा-जाणारा म्हणतो झाड गेलं. बागवानाला ठाऊक असतं की ताण किती द्यायचा आणि पाणी कधी सोडायचं, कारण ताण वाढला तर झाडच खचतं. संघाचंही या महिन्यांत असंच असतं. सोडावं लागतंच कुणालातरी. प्रश्न फक्त किती, आणि कुठली फांदी, एवढाच.

म्हणून येत्या लिलावाआधी मला जे वाटतं ते स्पष्ट लिहितो. अस्लमच्या गुडघ्याची काळजी घ्या. तो दर सामन्यात पंधरा चढाया करणारा माणूस राहणार नाही, आणि त्याने तसं राहण्याची गरजही नाही. तो मॅटवर असला की बाकीचे सहा जण नीट उभे राहतात. पकडीतही तो साखळीत येऊन उभा राहतो, चढाईपटू असून. अशा कर्णधाराची किंमत गुणांच्या तक्त्यात पूर्ण दिसत नाही. पहिली चढाई आदित्यकडे द्या, दुसरी पंकजकडे, आणि अस्लमला अडचणीच्या वेळी पाठवा. आदित्यला काहीही करून राखा. आकाशच्या वेळी जे झालं ते त्याच्या बाबतीत होता कामा नये. एखादा भरवशाचा कोपरारक्षक घ्या, पण त्याच्यावर दोन कोटी लावू नका. अंतिम सामना तीन गुणांनी गेला म्हणून घाबरून मोठं नाव घेण्याचा मोह होईल. तो आवरा.

आणि पोरं शोधायला गावांत या. ६५ किलो गटाच्या सामन्यांना या, यात्रेतल्या खुल्या गटाला या. श्रीरामपूर, नेवासा, राहुरी, राहाता या पट्ट्यात आजही मातीवर सराव करणारी, सकाळी ऊसतोडीच्या गाडीमागून पळणारी पोरं आहेत. त्यांच्याकडे मॅटचे बूट नाहीत. पकड मात्र आहे. शिवम पठारेसारखा खेळाडू दुसऱ्या राज्याच्या संघाने आधी हेरावा आणि आपल्या मैदानावर येऊन करंडक न्यावा, हे पुन्हा व्हायला नको.

अजून एक मागणी आहे, ती संघाकडे कमी आणि लीग चालवणाऱ्यांकडे जास्त. बारावा हंगाम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली इथे झाला. पुण्यात एकही सामना नाही. ज्या वर्षी पलटण गुणतक्त्यात पहिली आली, त्या वर्षी तिच्या माणसांना तिला समोर बसून बघता आलं नाही. टाकळीभानच्या लोकांनी आपल्या पोराला सगळा हंगाम टीव्हीवरच पाहिलं. दहाव्या हंगामात सामने बारा शहरांत फिरले होते, बालेवाडीतही झाले होते, तेव्हा इथून गाड्या भरून माणसं गेली होती. पुढच्या वर्षी बालेवाडीला सहा दिवस द्या. तिकिटं आम्ही काढू, आणि रात्रीचा सामना संपवून पहाटे राहात्याला परतायची सोयही आमची आम्ही करू.