वीस मिनिटांचं शिखर

मित्रांनो, सहामाही परीक्षा संपली की तुमचे पाय घरात ठरत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक आहे. आमच्याकडेही तेच. शेवटचा पेपर देऊन थोरला घरी आला तो दप्तर भिरकावतच म्हणाला, "बाबा, कळसूबाई!" धाकटीनं लगेच री ओढली. मग काय, रविवारी निघालो आम्ही चौघं.

कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट वर चढते. हा सगळा डोंगर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. कळसू नावाची मुलगी, भांडी घासायला लावली म्हणून रागावून डोंगरावर निघून गेली आणि तिथेच राहिली, अशी गोष्ट या भागात सांगतात. ती ऐकून धाकटी आईकडे बघत म्हणाली, "बघ हं!"

बारीतून सातला चढायला लागायचं ठरलं होतं. पण वाटेत मला गरमागरम मिसळ दिसली आणि घोटाळा झाला. चढायला साडेनऊ वाजले. चूक माझीच.

ऑक्टोबरात सकाळ कशी लख्ख असते! पण ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यावरची दमट हवा भराभर वर जाते, थंड होते आणि दुपारपर्यंत काळे ढग उभे राहतात. परतीच्या पावसात विजा बहुधा दुपारनंतरच कडाडतात, त्या यामुळे. म्हणून गावातच मी मुलांना सांगितलं, "साडेबाराला जिथे असू तिथून मागे फिरायचं. कबूल?" दोघंही म्हणाली, "कबूल!"

खाली उभं राहून कबूल म्हणणं सोपं असतं, मित्रांनो.

बारा पस्तीसला आम्ही शेवटच्या लोखंडी शिडीखाली होतो. माथा जेमतेम वीस मिनिटांवर. डोक्यावर निळं आभाळ, फक्त पश्चिमेला ढगांचे ढीग. माणसं वर चाललेली. थोरला काकुळतीला आला. "बाबा, फक्त वीस मिनिटं!" खरं सांगू? माझाही पाय शिडीकडे वळत होता. तेवढ्यात त्याची आई म्हणाली, "सकाळी काय ठरलं होतं?" झालं. फिरलो मागे. थोरल्यानं तोंड फुगवलं ते फुगवलंच.

सव्वा वाजता सगळ्या शिड्या मागे पडल्या होत्या आणि लांबवर वीज चमकली. मी म्हटलं, "मोजा!" प्रकाश क्षणात पोचतो, आवाज मात्र सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. म्हणजे किलोमीटरला तीन सेकंद. चोवीस आकडे झाले तेव्हा गडगडाट आला. "आठ किलोमीटर!" धाकटी ओरडली. दीड वाजता पुन्हा लखलखाट. या वेळी नऊच आकडे झाले. तीन किलोमीटर! थोरला एका एकट्या झाडाकडे धावला, तसं त्याच्या आईनं त्याला दंडाला धरून मागे ओढलं. एकटं उंच झाड म्हणजे विजेला आमंत्रणच. उघड्यावर न रेंगाळता, एकमेकांत अंतर ठेवून आम्ही उतरत राहिलो.

बारीत पोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता. एका आजींनी हाक मारली, "या आत, लेकरं भिजली की!" त्यांच्या घरात कोरा चहा घेत बसलो. थोड्या वेळानं शिखरावर गेलेली मंडळी एकेक करून उतरली. भिजून कुडकुडत होती, पण सगळी सुखरूप.

थोरला फुरंगटून म्हणाला, "बघा! काही झालं नाही. आपणही गेलो असतो!"

मी म्हटलं, "हिशेब कर. वर जायला वीस मिनिटं, वर वीस, उतरून शिडीवर यायला पंधरा."

त्यानं बोटं मोडली. मग हळूच म्हणाला, "दीड वाजता आपण शिडीवर असतो." नऊ आकडे झाले होते तेव्हा. उघड्या कड्यावर, हातात लोखंड.

काही झालं नाही म्हणजे चुकलं नाही असं नव्हे. कधी कधी फक्त नशीब जोरावर असतं. म्हणून परत फिरायची वेळ पायथ्याशीच ठरवावी, डोकं थंड असताना. वर गेल्यावर डोकं ठरवत नाही, हौस ठरवते.

डिसेंबरात पुन्हा जाणार आहोत. सहाला चढायचं आणि मिसळ उतरल्यावर, असं थोरल्यानं माझ्याकडून लिहून घेतलंय!

तोवर तुम्ही एक करा. आता वीज चमकली की घरात बसून, खिडकीपासून लांब राहून आकडे मोजा आणि तीनानं भागा. आकडे तिसाच्या आत आले, तर बाहेर खेळणाऱ्या धाकट्यांना लगेच घरात बोलवा. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणाला बाहेर सोडू नका. आईबाबांनासुद्धा!