वय मोजू नका, बाद होणं मोजा

जुम्म्याची नमाज झाली की आम्ही चारपाच जण हडपसरला गाडीतळाजवळ चहाला बसतो. गेले काही महिने तिथे एकच वाद चालू आहे, रोहित शर्माचा. एक म्हणतो, ‘अडतीस झाला, आता संपला.’ दुसरा मोबाइल काढून त्याची कारकिर्दीची सरासरी दाखवतो आणि म्हणतो, ‘हा माणूस संपलेला दिसतो का?’ मला दोघंही चूक वाटतात. पहिला आकडे बघतच नाही. दुसरा बघतो, पण चुकीचा आकडा बघतो. आणि हा दुसरा जास्त धोकादायक, कारण त्याच्या हातात पुरावा असल्यासारखा दिसतो.

सचिनचंच घ्या. जानेवारी 2011 मध्ये केपटाउनला त्याने 146 धावा केल्या. ते त्याचं शेवटचं कसोटी शतक. त्या सामन्यानंतर त्याच्या नावावर 177 कसोटी आणि 14,692 धावा होत्या, सरासरी 56.94. पुढे तो आणखी 23 कसोटी खेळला. निवृत्त झाला तेव्हा सरासरी 53.78 होती. पाहणाऱ्याला वाटतं, तीनच धावांचा फरक, त्यात काय एवढं? पण त्या 23 कसोटींचाच हिशेब वेगळा मांडा. 1,229 धावा, 38 वेळा बाद, सरासरी 32.34. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं संघात चौथ्या क्रमांकावर बत्तीसच्या सरासरीचा फलंदाज खेळत होता आणि पाटीवर चोपन्न दिसत होते. आधीची 258 वेळा बाद होऊन साठलेली सरासरी 38 वेळा बाद होण्याने किती हलणार? गच्चीवरची मोठी टाकी असते ना, खालून तोटी गळत असली तरी वरून भरलेलीच दिसते.

नुसत्या सरासरीपुढेही जायला हवं. 2012 मध्ये न्यूझीलंडचा संघ इथे आला. हैदराबाद आणि बंगळूर इथल्या दोन कसोटींत सचिनने तीन डाव खेळले: 19, 17 आणि 27. तिन्ही वेळा तो त्रिफळाचीत झाला, तीन वेगवेगळ्या गोलंदाजांकडून. फलंदाज झेलबाद झाला तर फटक्याची निवड चुकली असं म्हणता येतं. सरळ चेंडूवर यष्ट्या उडू लागल्या की पाय उशिरा पोचतोय, बॅट आणि पॅडमध्ये फट पडतेय, अशी शंका घ्यायला जागा होते. तीन डाव म्हणजे काही पुरावा नव्हे, हे मान्य. पण 38 बादांचा हिशेब आणि हे तीन डाव एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर निवड समितीने काय करायला हवं होतं? त्या मालिकेनंतर लगेच संदीप पाटील अध्यक्ष झाले. पुढे 2016 मध्ये त्यांनी एबीपी माझावर सांगितलं की सचिनने एकदिवसीय सामन्यांतून स्वतः निवृत्ती घेतली नसती, तर समितीने त्याला वगळलं असतं. कसोटीत मात्र तो त्यानंतरही वर्षभर खेळला, दोनशेचा आकडा पूर्ण होईपर्यंत. वानखेडेवरच्या शेवटच्या 74 धावा सगळ्यांना आठवतात. त्याआधीचा हिशेब कुणाला आठवत नाही.

सचिनवर राग काढायला हे लिहीत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. 2003 साली पाच कसोटींत त्याच्या 153 धावा होत्या, सरासरी 17. तेव्हा तो तिशीचा होता. 2006 मध्ये तर वानखेडेवरच्या लोकांनीच त्याची हुर्यो उडवली आणि वर्तमानपत्रांनी मथळ्यातून त्याला संपवलं. आणि 2010 मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्याने कसोटीत 1,562 धावा केल्या, 78 च्या सरासरीने. पाच कसोटींवरून निकाल देणारे तोंडावर पडले. म्हणून म्हणतो, आकडा लहान असेल तर तो खोटं बोलतो आणि फार मोठा असेल तर खरं लपवतो. मला विचाराल तर शेवटच्या वीसपंचवीस कसोटी बघा, आणि त्यात माणूस कसा बाद होतोय ते बघा.

आता आपल्या घरच्या वादाकडे येतो. वसीम जाफरचं नाव निघालं की आमच्या टेबलावर एक ठरलेला सुस्कारा असतो, ‘आपला माणूस म्हणून बाहेर ठेवला.’ बेस्टच्या बसचालकाचा मुलगा, अठराव्या वर्षी रणजीत नाबाद 314, कसोटीत वेस्ट इंडिजविरुद्ध 212 आणि पाकिस्तानविरुद्ध 202. त्याच्यावर प्रेम माझंही आहे. पण 31 कसोटींत त्याची सरासरी 34.10 राहिली. 2007-08 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सहा डावांत मिळून त्याच्या पन्नासच्या आसपास धावा होत्या. 2008 च्या एप्रिलमध्ये तो शेवटची कसोटी खेळला, तेव्हा नुकती तिशी ओलांडली होती. पुढच्याच मोसमात रणजीत त्याने 1,260 धावा काढल्या, ही आपली बाजू. पण त्याच 2008 मध्ये गौतम गंभीरने कसोटीत अकराशेवर धावा केल्या. मग कुणाला बसवून जाफरला आत घ्यायचं? तुमच्याकडे याहून वेगळा हिशेब असेल तर मांडा, मी ऐकतो. नुसता सुस्कारा मी ऐकणार नाही.

हे आपल्यातल्या लोकांना कडू लागेल. पण ज्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही, त्याच्याकडे आकड्याशिवाय असतं काय? तो आकडा आपल्याविरुद्ध गेला की फेकून द्यायचा आणि बाजूने आला की छातीशी धरायचा, असं केलं तर तो आपल्याही कामाचा राहत नाही.

आणि जाफरच्या बाबतीत तो पुढे बाजूनेच आला. मुंबई सोडून तो विदर्भाकडे गेला. एकोणचाळिशीत त्याने विदर्भाच्या पहिल्या रणजी विजेतेपदाचा विजयी फटका मारला. मार्च 2018 मध्ये, चाळिशी पूर्ण झाल्यावर, इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध 286 धावा केल्या. 2018-19 च्या रणजी मोसमात 1,037 धावा, त्यात उत्तराखंडविरुद्ध 206, आणि विदर्भ पुन्हा विजेता. एका रणजी मोसमात हजार धावा दोनदा करणारा तो पहिलाच, आणि त्या दोन मोसमांत दहा वर्षांचं अंतर. कसोटीतली गोलंदाजी वेगळी, रणजीतली वेगळी, असं कुणी म्हणेल. खरं आहे. म्हणूनच मी त्याची तुलना गंभीरशी नाही, रणजीत खेळणाऱ्या विशीतल्या पोरांशी करतो. समोर तेच गोलंदाज, तीच मैदानं. त्यांच्यातल्या किती जणांनी त्या मोसमात हजार काढल्या? विदर्भाने त्याची जन्मतारीख बघून ‘नको’ म्हटलं असतं तर?

जन्मतारीख बघून ‘नको’ म्हणणारे इथे आमच्या हडपसरातही आहेत. माझे थोरले मामेभाऊ औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं लेथवर होते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचं काम काढून घेतलं. सुपरवायझर म्हणाला, ‘चाचा, आता नजर कमी झाली असेल.’ असेल! रिजेक्शनचं रजिस्टर त्याच्या टेबलावरच होतं. भाईजान स्वतः डायरीत रोजचे आकडे लिहायचे, शेवटच्या वर्षातही त्यांचं रिजेक्शन त्यांच्या पाळीत सगळ्यांत कमी होतं. ती डायरी कुणी उघडली नाही.

तर रोहित. कसोटीत त्याचे 2024-25 मोसमातले आठ सामने काढा. पंधरा डाव, 164 धावा, सरासरी 10.93. यात ऑस्ट्रेलियातल्या तीन कसोटींतल्या एकूण 31 धावा आल्या. सिडनीच्या कसोटीत तो स्वतः बाहेर बसला आणि मे 2025 मध्ये कसोटीतून निवृत्त झाला. मला तो निर्णय बरोबर वाटतो. कारकिर्दीची चाळीसची सरासरी दाखवून त्याला आणखी वर्षभर खेळवणं म्हणजे सचिनचीच चूक पुन्हा करणं झालं असतं. पण त्याच मार्चमध्ये चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने 76 धावा केल्या आणि सामनावीर ठरला. ऑक्टोबरमध्ये सिडनीलाच एकदिवसीय सामन्यात नाबाद 121. माणूस तोच, वय तेच. एका प्रकारात पाय हलत नाहीत आणि दुसऱ्यात शतक निघतं. मग ‘अडतीस झाला’ या वाक्याने नेमकं काय सांगितलं?

मागच्या जुम्म्याला मी हे सगळं बिलाच्या कागदामागे लिहून टेबलावर ठेवलं. ‘संपला’ म्हणणाऱ्याने तो कागद वाचला, घडी करून खिशात टाकला आणि म्हणाला, ‘ठीक आहे, पण विराटचं काय?’ कागद संपला होता. चहा पुन्हा मागवला.