उपाशी पोटाचे कौतुक पुरे!

सणासुदीच्या दिवसांत उपासमारीचा विषय काढणे काही गोड लागण्यासारखे नाही. पण चकलीचा तुकडा मोडता मोडता मुलांच्या भवितव्याची चर्चा घरोघर याच चार दिवसांत होते. ज्या घरी एखादे मूल मैदानावर जाणारे असते, तिथे कोणी ना कोणी काकासाहेब हमखास बजावतात, ''फार लाड करू नका. पोराला खस्ता खाऊ द्या. खस्ता खाल्ल्यावाचून खेळाडू घडत नाही!'' आणि आमच्या भागात दाखला म्हणून धाराशिवच्या सारिका काळेचे नाव घेतात. आमचे भांडण आहे ते या दाखल्याशीच.

खो-खोच्या रसिकांना हे नाव नव्याने सांगावयास नको. २०१६ साली गुवाहाटीस दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या, त्यांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय मुलींच्या संघाची ती कर्णधार होती. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वेळी तिने स्वतःच सांगितले, की घरच्या परिस्थितीमुळे जवळजवळ दहा वर्षे ती दिवसातून एकदाच जेवत होती. वडिलांना शारीरिक अडचणींमुळे फारसे कमावता येत नव्हते. आई शिवणकाम करी, आणि घर चाले ते आजी-आजोबांच्या मिळकतीवर. चांगलेचुंगले अन्न ताटात पडे ते शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावर.

काकासाहेब इथेच थांबतात आणि म्हणतात, ''बघा! उपाशी पोटाने अर्जुन पुरस्कार आणला!'' पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच २०१६ साली, पैशाच्या विवंचनेने खचून, या मुलीने खेळ सोडून देण्याचा निश्चय केला होता. भारताची कर्णधार, आणि मैदानाकडे पाठ! दहा वर्षांच्या खस्तांनी तिला पोलादी केले असते, तर ही वेळ आलीच नसती. खस्तांनी तिला घडवले नाही. त्यांनी तिला मैदानाबाहेर काढण्याचीच तयारी चालवली होती.

मग ती परतली कशी? तिच्या आजीने ही गोष्ट प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या कानी घातली. त्यांनी तिची समजूत घातली, तिला धीर दिला आणि ती पुन्हा धावू लागली. पुढे तुळजापुरास क्रीडा अधिकाऱ्याची नोकरी मिळाली आणि घराची विवंचना सैल झाली. वाचकहो, या आजीने काय केले ते नीट पाहा. ''रडतेस काय, ऊठ!'' असे ती गरजली नाही. ''बरे झाले, आता घरकामाला लाग,'' असेही म्हणाली नाही. नातीचे बिनसले आहे हे तिने ओळखले, आपल्याने हे निभणार नाही हेही ओळखले, आणि ज्याला निभेल त्याला सांगितले. इतकेच. पण हे इतके किती आईबापांना जमते?

खो-खोत एक साधा नियम आहे. खो पाठीमागून द्यावयाचा, हात लावून द्यावयाचा, आणि स्पर्श व शब्द एकाच वेळी यावयाचे. शब्द आधी आणि हात मागून, हा दोष. आमचे बहुतेक पालक या दोषाचे धनी आहेत. त्यांचा शब्द फार लांबून येतो. मुलगी नऊ मिनिटे धावून धापा टाकीत बाहेर येते, तोच मैदानाच्या कडेवरून गर्जना होते, ''त्या खांबापाशी सूर का मारला नाहीस?'' अहो, ते सांगायला तिचा प्रशिक्षक तिथे उभा आहे ना! हरून परतणाऱ्या मुलाला एस.टी.त शेजारी बसवून त्या डावाची उलटतपासणी घेणारे वडील आम्ही पाहतो, तेव्हा त्या मुलाचीच नव्हे, सबंध गाडीची कीव येते. त्या वेळी त्याला पाणी हवे, भाकरी हवी, आणि हवी खिडकी. बोलायचे तर ते दुसऱ्या दिवशी, आणि त्याने विषय काढला तर.

कोणी म्हणेल, म्हणजे मुलांना पराभवाची झळच लागू द्यायची नाही काय? लागू द्या की! मैदान ती झळ फुकट देते. त्यात घरून भर घालण्याचे कारण नाही. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले. मधल्या चार वर्षांत त्यांनी घाम गाळला हे खरेच. पण हेलसिंकीला जाण्यासाठी लोकांनी वर्गणी जमवली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी सात हजार रुपयांसाठी आपले घर गहाण ठेवले, हे काकासाहेबांच्या गोष्टीत कधी येत नाही. मुलाच्या जिद्दीचे पोवाडे गाताना खर्डेकरांच्या घराचा विसर पडतो, कारण ते आठवले तर आपल्यालाही काही गहाण ठेवावे लागेल!

आणि मुलींचे काय? दहावी झाली, की आमच्या कितीतरी घरांतून मैदान बंद होते. कालपर्यंत तिच्या प्रमाणपत्रांना चौकट करून भिंतीवर लावणारेच आज म्हणतात, आता पुरे. सवलतीचे गुण मिळाले, काम झाले. ज्या मुलीला आपले खेळणे दोन वर्षांनी चालू असेल की नाही हे ठाऊक नाही, तिने एका सामन्यातल्या पराभवातून कशाच्या आशेवर उठावे? २०२५च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला, त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. तिचे फोटो फिरवून झाले असतील, तर आपल्या गल्लीतल्या मुलीच्या वडिलांना एकदा विचारावे, की ती अकरावीतही मैदानावर जाणार ना?

उपाशी राहून अर्जुन पुरस्कारापर्यंत पोचलेली एक मुलगी आम्हांला दिसते. उपाशी राहून घरी बसलेल्या मुलींची नावे कोणत्याही वर्तमानपत्रात छापून येत नाहीत. त्यांची शिरगणती कोणी केलेली नाही, म्हणून काकासाहेबांचा सिद्धांत अजून उभा आहे.

यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर मुले पुन्हा सरावाला जातील. पहाटेचा गारवा असेल आणि घरून निघताना बहुतेकांच्या पोटात चहाखेरीज काही नसेल. डब्यातले उरलेले लाडू पाहुण्यांसाठी झाकून ठेवण्याऐवजी त्यांतले दोन त्या पोरांच्या खिशात घालावेत.