धावायला फक्त बूट लागतात म्हणे

"धावणं हा सगळ्यात लोकशाहीवादी खेळ. एक जोडी बूट घ्या आणि सुटा." बेंगळुरूतल्या आमच्या ऑफिसात दर सोमवारी हे वाक्य कोणी ना कोणी म्हणतंच. म्हणणाऱ्याच्या मनगटावर चाळीस हजारांचं घड्याळ असतं आणि फोनमध्ये महिन्याच्या वर्गणीचा कोच. दीड वर्षं माझ्याही फोनमध्ये होता, महिना तीन हजार रुपये. तो दुसऱ्या शहरात, मी इथे. अ‍ॅपवर आठवड्याचा प्लॅन यायचा, मी पळायचो, घड्याळातले आकडे त्याच्याकडे जायचे आणि रात्री त्याची व्हॉइस नोट यायची.

त्यानं मला लुबाडलं असं मी म्हणणार नाही. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, हळू पळ, पळता पळता बोलता येईल इतकं हळू. जोराचे दिवस आठवड्यात दोनच. बत्तीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे सराव म्हणजे रोज जीव तोडून पळणं आणि नडगी दुखायला लागली की घरी बसणं. हे ज्ञान काही कुलपात नाही. पण ते ओळखीपाळखीत फिरतं, आणि आपल्या घरांना ती ओळख नव्हती. म्हणून विकत घ्यावं लागलं. चला, घेतलं.

पण माझे दहा किलोमीटर पहिल्यांदा पन्नास मिनिटांच्या आत आले, त्या रात्रीची व्हॉइस नोट मी अजून जपून ठेवली आहे. "तुमच्या लोकांचं शरीर कष्टाला सरावलेलं असतं ना, ते रक्तातच असतं." आईवडील ऊसतोडीला जायचे, हे मीच त्याला गप्पांत सांगितलं होतं. आडनाव त्यानं पहिल्याच कॉलवर विचारून घेतलं होतं. अहो, रक्तातच होतं तर पहिल्या महिन्यात मला ७२ मिनिटं का लागली? मधले अकरा महिने त्याचाच प्लॅन आणि माझी पहाट होती. म्हणजे हा माणूस स्वतःच्या शिकवण्याचं श्रेय सोडायला तयार आहे, पण माझ्या डोक्याला आणि शिस्तीला द्यायला तयार नाही.

ही जुनीच वाटणी आहे. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात बाळू पालवणकरांनी साहेबांना तासन् तास गोलंदाजी टाकली, पण सरावातही त्यांच्या हाती बॅट दिली गेली नाही. पुढे हिंदूंच्या संघाला सामने जिंकून दिले, तरी चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. घाम आमचा चालतो. अक्कल आमची आहे म्हटलं की अडतं.

आता दुसरी गोष्ट. माझी मावसबहीण बीड जिल्ह्यात पोलीस भरतीची तयारी करते. मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यातले २० एकट्या ८०० मीटरला, आणि पूर्ण २० हवे असतील तर २ मिनिटं ५० सेकंद. शाळेचं मैदान गावाच्या त्या टोकाला, पाराजवळ, आणि पारावर कोण बसतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून ती पहाटे चारला डांबरी रस्त्यावर पळते आणि मावशी बॅटरी घेऊन किलोमीटरच्या दगडापाशी उभी राहते. मी शहाणपणानं तिला माझ्या प्लॅनचे फोटो पाठवले. तीन आठवड्यांत तिच्या नडग्या सुजल्या. तो प्लॅन खुर्चीत बसून पगार घेणाऱ्या देहासाठी होता, आणि ती दिवसभर कापूस वेचते.

कोचला विचारलं. तो म्हणाला, वेगळं खातं, वेगळी वर्गणी. ठीक, त्याचा धंदा आहे. फॉर्म मी तिच्याशी फोनवर बोलत भरायला घेतला. विश्रांतीतले ठोके किती? झोप किती तास? कोणती रेस? पूरक व्यायाम कोणता? "दादा, कापूस वेचणं लिहू का?" म्हणाली आणि हसत सुटली. हिमोग्लोबिन मात्र त्या फॉर्मनं विचारलंच नाही. ते तपासलं तर ८.६ निघालं. एनएफएचएस-५ च्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं, तेव्हा ती काही जगावेगळी नाही. रक्तात हिमोग्लोबिन कमी असलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. २२० वजा वय या सरासरीच्या हिशेबावर चालणारं घड्याळ त्याला 'अनफिट' म्हणतं. उपकेंद्रातल्या सिस्टरबाई पापणी ओढून बघतात, तेवढंही तीन हजारांत नव्हतं.

भरतीपूर्व प्रशिक्षणावर सरकारी पैसा खर्च होतो. त्यात शिट्टी आणि रोजची जीवघेणी शर्यत याखेरीज काय मिळतं, हे आपण पदवीधरांनी विचारायला हवं. तालुक्याला एक शिकलेला कोच, ज्याला फोन करता येईल, आणि सरावाआधी रक्ताची तपासणी, एवढं मागायला लाजायचं कशाला? फोनवरचा कोच शहरातल्या मॅनेजरला चालतो, तर सातबारा नसलेल्या घरातल्या पोरीला का नको?

माझी वर्गणी मी बंद केली आहे. दीड वर्षात जे कळलं ते बहिणीला रोज रात्री फोनवर सांगतो, आणि ती आधी दिवसभरात काय काय काम झालं ते सांगते. त्यावरून दुसऱ्या दिवशी पळायचं की नाही ते ठरतं. लोहाच्या गोळ्या सुरू आहेत, जोराचे दिवस दोनच. गेल्या रविवारी ३ मिनिटं ६ सेकंद. अजून सोळा सेकंद काढायचेत, आणि पुढच्या महिन्यात रक्त पुन्हा तपासायचं आहे.