घर आणि आरोग्य : ढेकणांच्या गोळ्या



सुट्ट्या जवळ आल्या. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आपल्या इमारतींत बॅगा भरणे सुरू झाले, की एक विचार हमखास निघतो : "घर महिनाभर बंदच राहणार, तर ढेकणांच्या गोळ्या ठेवूनच जाऊ." म्हणून या वेळी त्या गोळ्यांविषयी.

गावाकडे धान्याच्या किडीसाठी वापरतात त्या सल्फास किंवा सेल्फॉसच्या गोळ्या आपल्या ओळखीच्या आहेत, आणि ओळखीच्या म्हणूनच आपण त्यांना भीत नाही. त्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाइड असते. हवेतल्या दमटपणाने त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. इथे भिंतीला भिंत लागून. ए.सी.च्या डक्टमधून, पाइपांच्या फटींतून वायू शेजारी पोचतो. गोळी ठेवणारा मुंबईत सुखरूप उतरतो आणि इकडे शेजारचे मूल तळमळते. २०१९ साली शारजात दहा वर्षांचा एक मुलगा असाच गेला. अमिरातीत या गोळ्यांच्या घरगुती वापरावर बंदी आहे, तरी त्या चोरून विकल्या जातात.

लक्षणे फसवी असतात. मळमळ, उलट्या, डोकेदुखी, छातीत जडपणा, धाप. बाहेरचे खाणे बाधले असे वाटून वेळ जातो. घरात एकाहून अधिक जणांना एकदम असे झाले, किंवा लसणासारखा, सडक्या मासळीसारखा वास आला, तर सर्वांनी लगेच बाहेर पडावे आणि ९९८ वर ॲम्ब्युलन्स बोलवावी. वास आला नाही म्हणून मात्र निर्धास्त राहू नये. या विषावर उतारा नाही. लवकर मिळालेले उपचार हाच आधार. डॉक्टरांना गोळ्यांची शंका स्पष्ट सांगावी.

गोळ्यांवर पाणी कधीही ओतू नये. अमेरिकेत टेक्सासमधल्या अमॅरिलो इथे जानेवारी २०१७ मध्ये घराखाली टाकलेले हेच औषध पाण्याने धुतल्यावर चार मुले दगावली. म्हणून उरलेल्या गोळ्या संडासात किंवा कचऱ्यात टाकू नयेत. डबा उघडू नये. दुबई नगरपालिकेला ८००९०० वर फोन करून विचारावे.

ढेकणांसाठी चादरी कडक गरम पाण्यात धुवाव्यात, पलंगाच्या सांध्यांना वाफ द्यावी आणि परवानाधारक कंपनीलाच बोलवावे. फवारणीची तारीख दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना आधी सांगावी.

किल्ली शेजारी ठेवून आपण निर्धास्त गावी जातो. त्यांनाही आपल्या बंद दाराशेजारी निर्धास्त झोपता यावे.