परसातल्या चार कोंबड्या आणि आपला अर्ज

वडोदऱ्यातल्या आपल्या जुन्या घरांपैकी ज्यांची परसदारे अजून शिल्लक आहेत, त्यांतल्या काहींनी पुन्हा कोंबड्या पाळायला घेतल्या आहेत. दोन-चार कोंबड्या, एक खुराडे, सकाळी उरलेली पोळी आणि मूठभर बाजरी, एवढाच पसारा. गेल्या वर्षभरात अशी तीन कुटुंबे मंडळाकडे तक्रार घेऊन आली. एका सोसायटीच्या कमिटीने आठ दिवसांत कोंबड्या हलवा, नाहीतर दंड, अशी चिठ्ठी पाठवली होती. कुठल्या नियमाखाली, ते चिठ्ठीत नव्हते. आम्ही विचारल्यावर उत्तर आले, "नियम असेलच की!"

हे "असेलच की" आम्हाला मान्य नाही. ज्या कायद्याने महापालिका चालते तो १९४९ चा, जुन्या मुंबई राज्याचा. आता त्याच्या नावात गुजरात आले एवढेच. त्या काळी शहरातले जनावर म्हटले की तबेला, कत्तलखाना नाहीतर उपद्रव, असाच विचार होई. परसातल्या चार कोंबड्यांचा उपद्रव होतो की नाही हे मग शेजाऱ्याच्या मर्जीवर आणि येणाऱ्या अधिकाऱ्याच्या मूडवर ठरते. कुत्र्यांच्या बाबतीत प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली पत्रक काढून सांगितले की सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. कोंबडीसाठी असे कोणी काही सांगितलेले नाही, कारण कोंबडीवाल्यांनी कधी एकत्र येऊन विचारलेच नाही.

एकत्र येऊन विचारणे म्हणजे काय, ते आपल्याच राज्यात मालधाऱ्यांनी दाखवले. ३१ मार्च २०२२ रोजी गुजरात विधानसभेत शहरांतील गुरांवरील नियंत्रणाचे विधेयक बहुमताने मंजूर झाले. आठ महानगरांत आणि नगरपालिकांत गुरे पाळायला परवाना, गुरांना टॅग, आणि न पाळल्यास दंड व कैद. रस्त्यावरच्या गुरांचा त्रास खोटा नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कडीच्या तिरंगा यात्रेत माजी उपमुख्यमंत्री नितीन पटेल यांनाच गाईने पाडले. पण ज्यांचे पोट दुधावर त्यांना न विचारता कायदा झाला होता. मालधारी गावोगाव जमले, सभा घेतल्या, शेवटी दूध न विकण्याचा दिवस जाहीर केला. राज्यपालांनी विधेयक परत पाठवले आणि २१ सप्टेंबर २०२२ रोजी त्याच विधानसभेने ते मागे घेतले. मागे घेताना मतभेद नव्हता! निवडणूक तोंडावर होती हे खरेच, पण निवडणूक सगळ्यांच्याच तोंडावर असते, तिचा उपयोग मालधाऱ्यांनी करून घेतला.

त्यांच्यासारखा दूधबंदीचा हुकमी पत्ता आपल्या हाती नाही. आपण कोंबड्या बंद ठेवल्या तर शहराला कळणारसुद्धा नाही. तेव्हा आपल्याला दुसरा, संथ रस्ता धरावा लागेल. त्याचा नमुना अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात सापडतो. तिथे लोक वर्षानुवर्षे चोरून कोंबड्या पाळत. मग त्यांनी एकत्र येऊन नगरपरिषदेपुढे मागणी मांडली आणि २००४ साली नियम बदलून घेतला. घरामागे चार कोंबड्या चालतील, कोंबडा चालणार नाही, घरी कापायची नाही, खुराडे शेजारच्या घरापासून पंचवीस फूट दूर. शेजाऱ्याच्या प्रत्येक रास्त हरकतीला मागणी करणाऱ्यांनीच आधी उत्तर दिले होते, म्हणून ते मान्य झाले.

आमचेही मत तेच. कोंबडा सोडून द्यावा. अंडी देण्यासाठी कोंबडीला कोंबडा लागत नाही, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागात रात्री दहा ते सहा फक्त ४५ डेसिबलची मुभा आहे. पहाटे चारला आरवणारा कोंबडा कुठल्याही वकिलाला वाचवता येणार नाही. ज्यांना पिल्ले काढायची हौस आहे ते नाराज होतील. होऊ देत.

रोगाचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. देशातली बर्ड फ्लूची पहिली लागण फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात झाली, म्हणजे गुजरातच्या वेशीवरच. तेव्हा पोल्ट्रीबरोबर आसपासच्या घरोघरच्या कोंबड्याही माराव्या लागल्या. २०२१ च्या सुरुवातीला नवापुरात पुन्हा तेच झाले, आणि त्याआधी डिसेंबर २०२० च्या अखेरीस इंदूरला डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले होते. इंदूरकर आप्तांकडून तेव्हाची धास्ती पुष्कळांनी ऐकली असेल. म्हणून कोंबड्या बंदच करा असे काही जण म्हणतील. आमच्या मते यातून उलटे निघते. चोरून पाळलेली कोंबडी मेली तर माणूस ती गुपचूप कचऱ्यात टाकतो. नोंदवलेली मेली तर पशुवैद्यकाला कळवतो. चार कोंबड्यांची नोंद पालिकेच्या वहीत असणे हे शेजाऱ्याच्याच हिताचे आहे. मानमोडीची लस पिलू आठवड्याचे असतानाच द्यावी लागते, तीही अट नियमात हवी.

आता अवघड गोष्ट. आपल्या शेजारी शाकाहारी कुटुंबे आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचा घरोबा आहे, आणि आपल्यातही पुष्कळ घरांत अंडे चालत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये राजकोट, वडोदरा आणि अहमदाबादमध्ये अंडी आणि मांसाहाराच्या लाऱ्या मुख्य रस्त्यांवरून हलवायचे, झाकायचे फर्मान निघाले होते. डिसेंबरात गुजरात उच्च न्यायालयाने अहमदाबाद पालिकेला फटकारले, की लोकांनी काय खावे हे तुम्ही कसे ठरवता. न्यायालयाने बाजू घेतली हे बरे झाले, पण शेजाऱ्याशी न्यायालयाच्या भाषेत बोलायचे नसते. आपली मागणी खाण्याच्या हक्काची म्हणून मांडली तर ती त्याच दिवशी राजकीय भांडणात सापडेल. परसाचा वापर, स्वच्छता आणि नोंदणी एवढीच तिची हद्द ठेवावी. घराला लागून असलेल्या शेजाऱ्यांची लेखी संमती ही अट आपणच घालून घ्यावी. संमती मिळाली नाही तर कोंबड्या नाहीत. हे आमच्या काही सभासदांना पचलेले नाही, पण आमचा आग्रह कायम आहे.

फायदा किती, हेही हिशेबाने सांगू, बँकेतली सवय आहे. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या वनराजा, ग्रामप्रिया जाती जास्त देतात. खाद्य, लस, जाळी धरली तर चार कोंबड्यांत कोणी श्रीमंत होत नाही. पण परसातल्या किड्यांचा बंदोबस्त होतो, खत मिळते, आणि निवृत्त माणसाला सकाळी उठायला कारण राहते. आपल्या घरांतली मुले पुण्याला नाहीतर परदेशी गेली आहेत. वाड्यात मागे राहिलेल्या दोघांसाठी हे कारण छोटे नाही.

याच शहरात १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी शेजारीपाजारी जमवून अन्योन्य सहकारी मंडळी काढली, सरकारी सहकार कायदा येण्याच्या पंधरा वर्षे आधी. कायदा येईल तेव्हा बघू, असे ते म्हणाले नव्हते.

पालिकेला उपविधी करता येतात. त्यासाठी मसुदा आधी जाहीर करावा लागतो, हरकती ऐकाव्या लागतात आणि राज्य सरकारची मंजुरी लागते. म्हणजे वर्ष-दोन वर्षे धरून चालावे. २०२१ च्या निवडणुकीत १९ प्रभागांतून ७६ नगरसेवक निवडले गेले, प्रत्येक प्रभागात चार. आपली घरे मोजक्याच प्रभागांत एकवटली आहेत, त्यामुळे थोड्या नगरसेवकांकडे पुष्कळ वेळा जाणे आपल्याला जमेल. सोसायटीत राहणाऱ्यांना शिवाय आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पोटनियमाचा ठराव आणावा लागेल. तो निबंधकाकडे नोंदवला गेल्याशिवाय उपयोगाचा नाही.

अर्जाचा मसुदा गुजराती आणि मराठी दोन्हींत तयार आहे. मराठी आपल्यासाठी, गुजराती सह्यांसाठी. तो मंडळाच्या कचेरीत संध्याकाळी सहा ते आठ पाहायला मिळेल. कोंबड्या न पाळणाऱ्यांच्या सह्या आम्हाला अधिक हव्या आहेत, शाकाहारी शेजाऱ्यांच्या तर सर्वांत आधी. येताना घराचा वेरा भरल्याची पावती आणावी, प्रभाग क्रमांक तिच्यावरूनच लिहून घेतला जाईल.