प्रश्नचिन्ह काढा, कारण सांगा
मराठी वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना खुले पत्र

संपादक महोदय,



मी मुंबईतल्या एका शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवते. १८ ऑगस्ट २००६ची माहीमची ती रात्र अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. समुद्राचे पाणी गोड झाले, दर्ग्याच्या मखदूम बाबांची कृपा झाली, अशी बातमी पसरली आणि माणसे पाण्यात उतरून बाटल्या भरू लागली. भोवती प्लास्टिक आणि कचरा तरंगत होता. शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांची घाण वाहून आणणारी मिठी नदी ज्या खाडीला मिळते, तिथलेच हे पाणी. एक बाई कडेवरच्या बाळाला ओंजळीने ते पाजत होती. ‘अहो, नका पाजू,’ मी म्हटले. ‘टीव्हीवर दाखवतायत की!’ ती म्हणाली.

पाण्याला खारट चव नसेलही. पावसाळ्यात नदीचा लोंढा खाडीत उतरतो; गोडे पाणी हलके, ते काही काळ खाऱ्यावर तरंगत राहते. गोडे म्हणजे फक्त खारे नसलेले. ते स्वच्छ असते असे कुणी सांगितले? आयआयटीच्या तज्ज्ञांनी कारण सांगितले, प्रदूषण नियंत्रण मंडळाने पिऊ नका म्हणून बजावले. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा खारट झाले. पण भरलेल्या बाटल्या तोवर घरी पोहोचल्या होत्या.

माझे भांडण श्रद्धेशी नाही. माझी आई रोज देवापुढे हात जोडायची. भांडण आहे ते तुमच्या प्रश्नचिन्हाशी. पडद्यावर ‘चमत्कार?’ असे लिहिले की दिवसभर गर्दी दाखवता येते, आणि नंतर ‘आम्ही कुठे खरे आहे म्हणालो?’ असेही म्हणता येते. बघणाऱ्याला प्रश्नचिन्ह दिसत नाही हो, रांग दिसते.

२१ सप्टेंबर १९९५ला गणपतीची मूर्ती दूध पिते अशी बातमी पसरली, तेव्हा देवळातल्या रांगेत आईही वाटी-चमचा घेऊन उभी होती. दुसऱ्या दिवशी मी वर्गात छोटी मूर्ती नेली, दुधात लाल रंग कालवला आणि काठोकाठ भरलेला चमचा ओल्या सोंडेला टेकवला. पृष्ठताणाने दूध सोंडेवर ओढले गेले आणि लाल ओघळ पोटावरून पाटावर उतरला. पांढऱ्या दुधाचा हाच ओघळ देवळात कुणाच्या लक्षात आला नव्हता. दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनीही रंगीत दूध वापरून हेच दाखवले होते. पाच मिनिटांचे काम. संध्याकाळी आईलाही करून दाखवले. तिने ओघळ पाहिला, मूर्ती पुसली आणि नेहमीसारखे निरांजन लावले.

मार्च २०१२मध्ये विलेपार्ल्याच्या इर्ला भागात क्रुसावरच्या येशूच्या मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. एका वाहिनीच्या बोलावण्यावरून बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू तिथे गेले. तुंबलेल्या गटाराचे पाणी भिंतीतून वर चढते आहे, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याचे गुन्हे नोंदवले गेले आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावे लागले. तुमच्या पडद्यावर खरे बोलणाऱ्याच्या पाठीशी नंतर कोण उभे राहते, हे मला तुम्हालाच विचारायचे आहे.

अंधश्रद्धेला खतपाणी घालणारा कार्यक्रम दाखवू नये, असे केबल टेलिव्हिजनच्या १९९४च्या नियमांत लिहिलेले आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१मध्ये देवाच्या नावाने ‘चमत्कारी’ यंत्रे विकणाऱ्या जाहिराती जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. ती याचिका एका शिक्षकाने दाखल केली होती, याचा मला फार अभिमान वाटतो.

मागणे एवढेच: गर्दीचे चित्र जाईल त्याच बातमीत कारणही जाऊ द्या. पुजाऱ्याच्या, पाद्रीबाबांच्या, मुजावरांच्या शेजारी प्लंबरला उभे करा, पाण्याचा नमुना तपासणाऱ्याला उभे करा. रात्री-बेरात्री कुणीच सापडले नाही, तर मला बोलवा. मूर्ती, चमचा आणि लाल रंगाची बाटली शाळेच्या कपाटात आहे; किल्ली माझ्याकडेच असते.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका